परसांतील अंड्याची चव : एक जुना प्रश्न

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहींजणांना हसूं येईल. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. कोंबडीच्या अंड्याला कसला आला आहे इतिहास? परंतु शहरांतील घरांत हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ‘गांवरान म्हणून मुद्दाम आणलीं, आणि अंड्याला वास निघाला !’ मग दोष जातो कोंबडीकडे, आणि तोटा सोसावा लागतो त्या गरीब बाईला, जी आठ-दहा कोंबड्यांवर आपल्या मीठमिरचीचा खर्च भागवीत असते. न्याय करावयाचा तर आधीं इतिहास पाहिला पाहिजे.

कोंबडी ही मूळची रानांतली. थायलंडमधील बान नॉन वाट येथें सांपडलेलीं, इसवी सनापूर्वीं सुमारें १६५० ते १२५० या काळांतील हाडें हा पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा होय, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. भाताच्या व भरड धान्याच्या शेतीमुळें रानकोंबडा दाण्याच्या आशेनें मनुष्याच्या वस्तीजवळ आला, असें त्या पंडितांचें अनुमान आहे. म्हणजे कोंबडीचें आणि आपलें नातें पहिल्यापासून सांडलेल्या दाण्याचें, उकिरड्याचें आणि खरकट्याचें आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथांत या पक्ष्याविषयीं दोन मतें दिसतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत कोंबडीचीं अंडीं मधुर व बलदायक म्हणून सांगितलीं आहेत. उलट मनुस्मृतीनें गांवांतील कोंबडा द्विजांस निषिद्ध ठरविला, आणि तोही लसूण व कांदा यांच्याच पंक्तीस बसवून ! रानांतल्या आणि गांवांतल्या पक्ष्यांत त्या काळीं भेद केला जात असे, एवढें यावरून स्पष्ट होतें. ‘कोंबडी खाते तरी काय ?’ हा प्रश्न आजचाच नव्हे.

याचें उत्तर शास्त्रानें आतां दिलें आहे. पिवळा बलक तयार होतांना शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्यानें वाढतो, आणि बलकांत स्निग्धांश पुष्कळ असतो. स्निग्धांशांत वास सहज उतरतो. आमच्या राणीसावरगांवाकडे, गंगाखेडच्या या मुलखांत, ज्वारीबरोबर करडई आणि जवस हीं जुनीं पिकें. कोंबडीनें चार ज्वारीचे दाणे टिपले तर कांहीं बिघडत नाहीं; पण जवसाचा चारा फार झाला, किंवा सुक्या मासळीचा चुरा रोज मिळूं लागला, तर अंड्याला मासळीसारखी घाण येऊं शकते. मोहरीच्या जातीच्या पेंडीनेंही हाच प्रकार घडतो. तपकिरी अंडीं देणाऱ्या कांहीं जातींत या दुर्गंधी द्रव्याचा शरीरांत नाश करण्याची शक्ति जन्मतःच उणी असते. त्यामागील आनुवंशिक दोष २००५ सालीं उघडकीस आला. म्हणून एकाच खुराड्यांतील एका कोंबडीचें अंडें वासाचें आणि शेजारणीचें चांगलें, असेंही होतें.

दुसरें कारण सांठवणीचें. अंड्याचें कवच दिसतें दगडासारखें, परंतु त्यांत हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. रॉकेलच्या डब्याशेजारीं किंवा कांद्याच्या टोपलींत ठेविलेलें अंडें तो वास आंत घेतें. हें दुखणें सर्व जगाचें आहे. प्राचीन रोममधील ग्रंथकार वॅरो यानें अंडीं मिठानें चोळून कोंड्यांत ठेवण्यास सांगितलें आहे. त्याच्यामागून आलेल्या कोलुमेलानें हिवाळ्यांत भुसा आणि उन्हाळ्यांत कोंडा वापरावा असा भेद केला. अठराव्या शतकांत फ्रान्समधील रेओमूर यानें कवचावर रोगण किंवा चरबी लावून छिद्रें बुजविलीं आणि अंडीं पुष्कळ दिवस टिकविलीं. आमच्याकडील आजीबाई धान्याच्या कणगींत अंडीं पुरून ठेवीत, ती युक्तिही याच कुळांतली.

परंतु मराठवाड्यांतील खरा शत्रु उन्हाळा. अंडें उबविण्यास सुमारें ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि आमच्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. कळपांत कोंबडा असला म्हणजे अंडें फलित असावयाचें. अशा अंड्यांतील गर्भ खुडूक कोंबडी वर बसली नसतांही वाढूं लागतो, पुढें मरतो, आणि अंडें नासतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या सरकारी शेतकी खात्यानें उन्हाळ्यांत कोंबडे वेगळे काढण्याचा प्रचार केला, तो याच कारणासाठीं. हिंदुस्थानांतही १९३७ सालीं शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षीं अंड्यांच्या व्यापारावर सरकारी अहवाल निघाला. अंडें उजेडासमोर धरून पारखण्याची पद्धति या प्रतवारीबरोबर रूढ होऊं लागली.

पुढें १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, आणि महाराष्ट्रांतील अंड्याचें रूप पालटलें. पिंजऱ्यांतील कोंबडीला ठराविक चारा. कोंबडा नाहीं, म्हणून गर्भ नाहीं. आणि रोजचें अंडें रोज बाहेर. त्यामुळें शहरांतील जिभेला एकाच चवीची संवय जडली. त्या मापानें परसांतील अंडें मोजलें कीं तें एकदां अमृत वाटतें, एकदां विष. वास्तविक त्याच्या चवींत ऋतु, पीक आणि घर हीं तिन्ही उतरलेलीं असतात.

मग करावें काय ? अंडीं रोज उचलावीं व सावलींत, गार जागीं, उग्र वासापासून दूर ठेवावीं. तीं धुऊन सांठवूं नयेत. कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो. उन्हाळ्यांत कोंबडा वेगळा करावा. त्यानंतरही सुमारें तीन आठवडे फलित अंडीं येऊं शकतात, हें ध्यानांत असावें. घेणाऱ्यानें अंडें पाण्यांत सोडून पाहावें : ताजें तळाशीं आडवें पडतें, शिळें उभें राहतें, आणि फारच जुनें तरंगतें. वास आलेलें अंडें मात्र खाऊं नये.

आणि विकणाऱ्या बाईशीं हुज्जत घालण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारावे : अंडें किती दिवसांचें, आणि कोंबड्या काय खातात ? दर आठवड्यास कोणी हे प्रश्न विचारूं लागला, तर ती बाई अंडीं सावलींत ठेवूं लागेल आणि तिला भावही बरा मिळेल. नुसतें ‘तुमचीं अंडीं वाईट’ म्हणून निघून गेल्यानें मात्र तिचें गिऱ्हाईक तुटतें, आणि दोष होता तेथेंच राहतो.