बाणामागचे हात



धनुर्धराचे नाव इतिहासात राहते. बाण घडवणाऱ्याचे राहत नाही. आपल्याकडचे कमानगर आणि तीरगर हे शब्दसुद्धा आता जुन्या कोशांतच सापडायचे. आज मी इंग्लंडच्या लांब धनुष्याची हकीकत सांगणार आहे, पण ती बाणाच्या बाजूने. मी कामगार संघटनेतला माणूस. युद्धशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु कोणत्या धनुष्याला कोणता बाण, हा प्रश्न मुळात कारागिरीचा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

साध्या धनुष्यात बाण मधून जात नाही, कडेने जातो. दोरी सुटताच मागून धक्का बसून त्याची काडी वाकते, धनुष्याला वळसा घालते आणि पुढे सरळ होते. म्हणून बाण जितका ताठ तितका चांगला, ही समजूत खोटी. फार ताठ काडी एका बाजूला भरकटते, फार लवचीक दुसऱ्या बाजूला. जोरकस धनुष्यात ती मोडूही शकते. बाण फारच हलका असला तर धनुष्याचा जोर धनुष्यातच उरतो आणि त्यालाच इजा करतो. तेव्हा ताठपणा, वजन आणि लांबी ही तिन्ही धनुष्याच्या ताकदीशी व ओढणाऱ्याच्या हाताशी जुळली पाहिजेत.

हे जुळवणे म्हणजे स्वतंत्र कसब आहे, हे लंडनच्या बाणकारांनी ओळखले होते. धनुष्य करणे आणि बाण करणे हे धंदे वेगळे असावेत, एकाच माणसाने दोन्ही करू नयेत, अशी मागणी त्यांनी १३७१ साली महापौरांपुढे मांडली आणि ती मान्य झाली.

पुढे राज्यसत्ताच या कामात उतरली. बाणाचे लोखंडी टोक नीट कठीण केलेले असावे आणि त्यावर करणाऱ्याची खूण असावी, असा कायदा १४०६ च्या सुमारास झाला. १४१७ मध्ये पाचव्या हेन्रीने पिसाऱ्यासाठी दर हंसामागे पंखाची सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम सोडला. एका बाणाची पिसे एकाच बाजूच्या पंखांची लागतात, हे बाणकाराने सांभाळायचे.

सर्वांत बोलकी गोष्ट लाकडाची. अ‍ॅस्पेनचे लाकूड हलके, म्हणून बाणाला सोयीचे. पण चिखलात पादत्राणांखाली बांधायच्या लाकडी खडावांनाही तेच सोयीचे. अ‍ॅजिनकोर्टची लढाई झाली १४१५ साली. दुसऱ्याच वर्षी कायदा आला : खडावा करणाऱ्यांनी अ‍ॅस्पेनला हात लावू नये, लावल्यास १०० शिलिंग दंड! विजयाचे पोवाडे राजाच्या वाट्याला आले, आणि खडाववाल्याच्या हातचे लाकूड गेले. बाणाला योग्य लाकूड कोणते, हा नेमबाजाचा प्रश्न एका गरीब कारागिराच्या पोटाचा प्रश्न होऊन बसला. सवलत मिळाली ती १४६४–६५ मध्ये, जवळजवळ अर्ध्या शतकाने. तीही बाणाला निरुपयोगी ठरणाऱ्या लाकडापुरतीच.

१५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला. बाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या १५ लाकडांची नावे त्याने दिली आणि युद्धाच्या बाणांना अ‍ॅस्पेनपेक्षा अ‍ॅश बरे, असे मत नोंदवले. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका पोर्ट्समथजवळ बुडाली. तिचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढला. त्या नौकेतून शंभरावर धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. त्यांतले बहुतेक बाण पॉप्लरचे आहेत, आणि अ‍ॅस्पेन हे पॉप्लरच्याच कुळातले झाड. पंडिताचा कौल एकीकडे, कारखान्यातला व्यवहार दुसरीकडे!

सांगायचा मुद्दा एवढाच. लढाई कोणी जिंकली, हे इतिहास आपणहून सांगतो. बाण कोणी घडवला आणि त्याच्या लाकडापायी कोणाचा धंदा बसला, हे मात्र आपण विचारावे लागते. ते विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढी विनंती करून मी रजा घेतो.