टाळू आणि नाकाच्या पोकळीतील तंत्रिका

टाळू आणि नाकाची पोकळी यांना संवेदना पुरवणाऱ्या तंत्रिका मुख्यतः पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या, म्हणजे ट्रायजेमिनल तंत्रिकेच्या शाखा आहेत. तंत्रिकेलाच शालेय पाठ्यपुस्तकांत ‘चेता’ आणि बोलीत ‘मज्जातंतू’ किंवा ‘नस’ म्हणतात. मराठीत डोक्याच्या माथ्यालाही टाळू म्हणतात. प्रस्तुत लेखात मात्र हा शब्द तोंडाच्या छतासाठी वापरला आहे. टाळू हे तोंडाचे छत तसाच नाकाच्या पोकळीचा तळ असल्याने दोन्ही भागांच्या बहुतेक तंत्रिका एकाच ठिकाणाहून निघतात. त्यामुळे टाळूला किंवा गालाला आलेली बधिरता हे कधी कधी नाकाच्या मागील भागातील गंभीर आजाराचे पहिले लक्षण ठरते.

उगम

ट्रायजेमिनल तंत्रिकेच्या तीन प्रमुख शाखांपैकी दुसरी, मॅक्सिलरी तंत्रिका, केवळ संवेदी आहे. कवटीच्या तळातील एका गोल छिद्रातून ती बाहेर पडते आणि वरच्या जबड्याच्या मागे असलेल्या टेरिगोपॅलाटाइन खाचेत येते. या अरुंद खाचेत टेरिगोपॅलाटाइन गुच्छिका असून ती दोन आखूड तंतूंनी मॅक्सिलरी तंत्रिकेला जणू टांगलेली असते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल (थोरले) यांनी १७४८ मध्ये तिचे वर्णन केले.

या गुच्छिकेत तीन प्रकारचे तंतू येतात.
- संवेदी तंतू : मॅक्सिलरी तंत्रिकेचे. ते न थांबता गुच्छिकेतून आरपार जातात.
- परानुकंपी तंतू : सातव्या मस्तिष्क तंत्रिकेचे. फक्त हेच तंतू गुच्छिकेतील पेशींशी जोडले जातात. नाक, टाळू व अश्रुग्रंथी यांचे स्रवण त्यांच्यामुळे वाढते.
- अनुकंपी तंतू : मानेतील रोहिणीभोवतीच्या जाळ्यातून येणारे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात.

टाळूची संवेदना

१. मोठी पॅलाटाइन तंत्रिका : ही हाडातील उभ्या नळीतून खाली उतरते आणि वरच्या शेवटच्या दाढांच्या आतील बाजूस असलेल्या छिद्रातून टाळूवर येते. तेथून पुढे सुळ्यापर्यंतची कठीण टाळू आणि आतील बाजूच्या हिरड्या तिच्या क्षेत्रात येतात.

२. लहान पॅलाटाइन तंत्रिका : या मृदू टाळू, पडजीभ आणि टॉन्सिलच्या लगतच्या भागाला संवेदना पुरवतात. मृदू टाळूवरील चवीचे तंतू याच मार्गाने सातव्या तंत्रिकेकडे जातात.

३. नेझोपॅलाटाइन तंत्रिका : ही नाकाच्या पोकळीत शिरून छत ओलांडते, मधल्या पडद्यावरून तिरपी खाली येते आणि पटाशीच्या दातांमागील छिद्रातून टाळूच्या पुढील भागात उतरते. नाक आणि टाळू या दोहोंना एकच तंत्रिका कशी जोडते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

नाकाची पोकळी

नाकाच्या बाजूच्या भिंतीचा मागील व वरचा भाग गुच्छिकेतून निघणाऱ्या नासिका शाखांच्या क्षेत्रात येतो, तर मागील व खालच्या भागाला मोठ्या पॅलाटाइन तंत्रिकेच्या उपशाखा मिळतात. पुढच्या व वरच्या भागाची संवेदना मात्र अँटेरियर एथमॉइडल तंत्रिकेकडे असते. ती ट्रायजेमिनलच्या पहिल्या शाखेची उपशाखा असून तिचा शेवटचा फाटा नाकाच्या शेंड्यापर्यंत पोहोचतो.

वास ओळखण्याचे काम यांपैकी कोणतीही तंत्रिका करत नाही. ते पहिल्या मस्तिष्क तंत्रिकेचे काम असून तिचे बारीक तंतू नाकाच्या छतातील चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात. मिरचीच्या फोडणीने नाक झोंबणे किंवा शिंक येणे या ट्रायजेमिनलच्या संवेदना आहेत. म्हणूनच गंधज्ञान गेलेल्या व्यक्तीलाही अमोनियाचा झोंबरेपणा जाणवतो.

हालचाल आणि उच्चार

मृदू टाळूच्या स्नायूंना दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेचे तंतू मिळतात. टाळू ताणणारा एक स्नायू तेवढा ट्रायजेमिनलच्या तिसऱ्या शाखेवर अवलंबून असतो. गिळताना मृदू टाळू वर उचलली जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो. बोलतानाही हेच घडते. ‘बाळ’ म्हणताना हा मार्ग बंद असतो, ‘माळ’ म्हणताना तो उघडा राहतो. ओठांची ठेवण दोन्ही वेळा सारखीच असते. घटसर्पासारख्या आजारात या स्नायूंना पक्षाघात झाला, तर पाणी नाकातून परत येते आणि ‘ब’चा उच्चार ‘म’सारखा ऐकू येतो. एकाच बाजूला पक्षाघात झाल्यास ‘आ’ म्हणताना पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते.

वैद्यकीय महत्त्व

वरची दाढ काढताना गालाच्या बाजूने दिलेले एकच इंजेक्शन पुरत नाही. आतील हिरडीची तंत्रिका वेगळी असल्याने टाळूतही इंजेक्शन द्यावे लागते. तेथील श्लेष्मकला हाडाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे ते अधिक दुखते.

या रचनेचे महत्त्व २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ठळकपणे दिसून आले. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना तो साथरोग अधिनियम, १८९७ खाली अधिसूचित करण्यास सांगितले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. ही बुरशी नाक व सायनसमधून टेरिगोपॅलाटाइन खाचेत पोहोचते. तेथून डोळ्याच्या खोबणीकडे, टाळूकडे आणि कवटीकडे जाणारे मार्ग जवळच असतात. गाल किंवा टाळू बधिर होणे, वरचे दात दुखणे अथवा हलणे, नाकातून काळसर स्राव येणे आणि टाळूवर काळी खपली दिसणे ही तिची लक्षणे आहेत. उपचारास उशीर झालेल्या अनेक रुग्णांना वरचा जबडा, टाळू किंवा डोळा गमवावा लागला.

बीडसारख्या ग्रामीण जिल्ह्यात गावातील रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोहोचण्यासाठी बहुधा प्रवास करावा लागतो. त्यामुळे बधिरता ही ‘दाताची तक्रार’ समजून दुर्लक्षित न होणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात विद्यार्थी या तंत्रिकांचा अभ्यास करतात. तपासणीसाठी लागणारी साधने मात्र अगदी साधी असतात : कापसाचा बोळा, विजेरी आणि दोन्ही गाल व टाळूच्या दोन्ही बाजू सारख्याच जाणवतात का, हा प्रश्न.