बंद पडलेल्या कारखान्याचे साके

साके हे तांदळापासून तयार होणारे जपानचे पारंपरिक मद्य होय. कांडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ वाफवून त्याच्या काही भागावर 'कोजी' ही बुरशी वाढवितात. ही बुरशी तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालत असल्याने ऊर्ध्वपातन न करताही मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. बाटलीत भरण्यापूर्वी पाणी मिसळून ते बहुधा १५-१६ टक्क्यांवर आणले जाते.

साकेच्या कारखान्यास 'कुरा' व प्रमुख कारागिरास 'तोजी' म्हणतात. १९७० च्या दशकानंतर साकेचा खप घटत गेला आणि अनेक पिढीजात कुरा बंद पडले. परिसरातील पाणी, तोजीचा हात आणि वास्तूत वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव यांतून प्रत्येक कुराची चव घडते. त्यामुळे कुरा बंद पडला की ती चव पुन्हा जुळविणे अवघड असते.

याला एक हृद्य अपवाद आहे. फुकुशिमा प्रांतातील नामिए येथील सुझुकी कुटुंबाचा समुद्रकाठचा कुरा ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत वाहून गेला. मात्र त्याच्या यीस्टयुक्त विरजणाचा नमुना तपासणीसाठी प्रांताच्या संशोधन केंद्रात गेलेला होता. त्याच्याच आधारे कुटुंबाने यामागाता प्रांतातील नागाई येथे उत्पादन पुन्हा सुरू केले आणि २०२१ मध्ये नामिए येथेही साके बनू लागले.

बंद कुराची बाटली हाती आल्यास ती आठवण म्हणून जपण्याचा मोह होतो. पण बहुतेक साके वर्षभरात पिण्यासाठीच बनविलेले असते. सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तापवून निर्जंतुक न केलेले 'नामा' साके तर शीतकपाटातच ठेवावे लागते. जुने साके पिवळसर वा तांबूस दिसले, त्याला मधाचा किंवा सुक्या मेव्याचा गंध आला, तरी ते बिघडलेच असे नव्हे. मुद्दाम मुरविलेल्या 'कोशु' साकेचे हेच गुण असतात. बाटली उभी व अंधारात ठेवावी. उघडल्यावर प्रथम थोडे थंडच चाखावे, मग थोडे गरम पाण्यात ठेवून सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करून पाहावे. उरलेले शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवावे. न उघडलेल्या बाटलीत कारखान्याचे नाव तेवढे टिकते. त्याची चव मात्र ती उघडणाऱ्यालाच कळते.