धुराड्याचा घसा : ऊब स्वस्त कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली

१/
फ्रान्स, १६९५ चा हिवाळा. व्हर्सायच्या राजवाड्यात चौदावा लुई भोजनास बसला आहे. राजाच्या दालनांत सरपणाची वाण असण्याचा प्रश्नच नाही. तरीही मेजावरच्या पेल्यांतले पाणी आणि मद्य गोठले आहे. राजाची भावजय एलिझाबेथ शार्लोट हिच्या पत्रातून ही हकीकत आपल्याला कळते.

युरोपातल्या या बलाढ्य राजाला जी ऊब विकत घेता आली नाही, ती शंभर वर्षांनी लंडनमधल्या साध्या घरांना काही विटा आणि थोडा चुना यांच्या बळावर मिळू लागली. ते कसे घडले, याविषयी आजचा धागा.

२/
प्रथम हे समजून घेऊ की, राजा गारठत का होता. भिंतीत बांधलेली उघडी शेकोटी, म्हणजे फायरप्लेस, दिसायला भव्य. पण उष्णतेच्या हिशेबात अत्यंत उधळी. जाळातून उठणारी तप्त हवा धुराबरोबर थेट आकाशात जाते. तेवढ्यावर भागत नाही. वर गेलेल्या हवेची जागा भरण्यासाठी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फगार हवा आत ओढली जाते. जाळ जितका मोठा, तितका हा ओढा अधिक. त्यामुळे शेकणाऱ्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते. अधिक लाकूड घालणे हा यावरचा उपाय नव्हेच.

३/
लाकूड तरी कुठून आणायचे? सोळाव्या-सतराव्या शतकांत लंडनभोवतीचे सरपण महागत गेले आणि शहर न्यूकॅसलहून जहाजांनी येणाऱ्या दगडी कोळशावर तगू लागले. त्यात १६६२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘हर्थ टॅक्स’ आला. त्याला आपण चूलपट्टी म्हणू. दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग. अतिगरिबांना सूट होती. पण शेकोट्या मोजायला अधिकारी थेट घरात शिरत, याचा लोकांना विलक्षण संताप होता. राज्यक्रांतीनंतर, १६८९ मध्ये, विल्यम आणि मेरी यांनी ही पट्टी रद्द केली.

४/
हा कर चुकवण्याच्या युक्त्याही निघाल्या. कोणी शेकोटी विटांनी बुजवून टाकी. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल नावाच्या गावात १६८४ साली एका भट्टीवालीने भिंत फोडून आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यातून आग लागली, वीसेक घरे जळाली आणि चार जीव गेले. ऊब स्वस्त करण्याच्या धडपडीचे मोल धडपडणाऱ्याखेरीज इतरांनाही द्यावे लागते, ही गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

५/
आता अटलांटिक ओलांडू. १७४४ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने एक पुस्तिका छापली. पूर्वी दाराशी मिळणारे लाकूड आता काही गावांना शंभर मैलांवरून आणावे लागते आणि कुटुंबाच्या खर्चात तो मोठा बोजा आहे, असे त्याने तिच्यात नोंदवले. त्याचा तोडगा म्हणजे ओतीव लोखंडाची ‘पेनसिल्व्हेनियन शेकोटी’. हिच्यात धूर सरळ वर न जाता आधी एका पोकळ पेटीला वळसा घालून खाली उतरे. पेटीतली हवा तापून खोलीत येई. निसटणारी उष्णता वाटेतच अडवायची, ही कल्पना. फ्रेंच लेखक निकोला गोजे याने १७१३ मध्ये मांडलेल्या विचारांचे ऋण तिच्यावर होते.

६/
गव्हर्नर जॉर्ज थॉमस यांनी फ्रँकलिनला या शेकोटीच्या विक्रीचा एकाधिकार देऊ केला. त्याने तो नाकारला. आपण इतरांच्या शोधांचा लाभ घेतो, तेव्हा आपला शोधही मोकळ्या हाताने इतरांना द्यावा, अशी त्याची भूमिका होती. गंमत अशी की, लंडनच्या एका लोखंडविक्याने त्यात किरकोळ फेरफार केले, पेटंट मिळवले आणि पैसा कमावला, असे फ्रँकलिनने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

पण मूळ रचनेत एक उणीव होती. धूर स्वभावतः वर जातो. त्याला खाली उतरवायचे, तर धुराडे आधी पुरेसे तापलेले हवे. जाळ मंदावला की धूर खोलीत परते.

७/
स्वीडनने याच सुमारास निराळी वाट धरली. लोखंडाच्या भट्ट्या तिथली जंगले खात होत्या. १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियन व्रेडे यांनी फरशीकाम केलेली उंच बंदिस्त भट्टी सिद्ध केली. तिच्या पोटात धुराला वर-खाली हेलपाटे घालायला लावणारे मार्ग होते. धूर बाहेर पडेपर्यंत त्याची उष्णता विटांनी शोषलेली असे. जाळ विझला की झडप बंद करायची. मग विटा तासन्‌तास ऊब देत राहत.

८/
इंग्लंडने हे का उचलले नाही? कारण इंग्रजांना जाळ डोळ्यांनी दिसायला हवा होता. बंदिस्त भट्टी त्यांना कोंदट वाटे. उपाय शोधायचा तो उघड्या शेकोटीतच, अशी ही अट होती. आणि निकड तर वाढतच होती. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासून उपलब्ध आहेत. त्यांत सर्वांत थंड महिना ठरला तो जानेवारी १७९५ : सरासरी उणे ३.१ अंश सेल्सियस.

९/
त्याच वर्षी लंडनमध्ये काउंट रम्फर्ड दाखल झाला. मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन, जन्म १७५३, मॅसॅच्युसेट्स. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हा राजाच्या बाजूचा. पुढे बव्हेरियाच्या सेवेत चढत गेला. १ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकमधल्या भिकाऱ्यांना धरून कामगृहात आणले. तिथे त्यांना कामाला लावले, जेवू घातले. आणि कमीत कमी सरपणात किती माणसांचे अन्न शिजते, याचे काटेकोर मोजमाप केले. माणूस म्हणून तो प्रेमळ नव्हता, पण हिशेबाला पक्का होता.

१०/
१७९६ मध्ये शेकोट्यांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे निदान असे : उघड्या शेकोटीत खोली तापते ती जाळातून किरणांच्या रूपाने येणाऱ्या उष्णतेने, तापलेली हवा तर वाया जातेच. म्हणून दोनच गोष्टी करा. किरण खोलीकडे वळवा आणि धुराड्याचा घसा आवळा.

जाळ पुढे आणायचा. पाठीची भिंत शेकोटीच्या तोंडाच्या एक-तृतीयांश रुंद ठेवायची. बाजूच्या भिंती तिच्याशी १३५ अंशांचा कोन करून तिरक्या बांधायच्या आणि त्यांना चुन्याची सफेदी द्यायची, म्हणजे उष्णता परावर्तित होईल. घसा फक्त ४ इंच.

११/
यात लोखंड नाही, यंत्र नाही, नवे धुराडेही नाही. साधा गवंडी जुन्या शेकोटीच्या पोटात विटा रचून हे काम थोड्या वेळात करी. निम्मे ते दोन-तृतीयांश इंधन वाचते, असा रम्फर्डचा दावा होता. शिवाय खोलीत धूर कोंडणे थांबले.

लंडन या शेकोटीच्या प्रेमात पडले. १८०० मध्ये गिलरेने आपल्या शेकोटीकडे पाठ करून ऊब घेणाऱ्या रम्फर्डचे व्यंगचित्र काढले. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ची नायिका जुन्या वास्तूत भव्य, गूढ शेकोटी पाहण्याची आस धरते आणि तिच्या नशिबी येते आटोपशीर ‘रम्फर्ड’!

१२/
इथे ही यशोगाथा संपवता आली असती. पण रम्फर्डच्या रचनेत आणखी एक बारीकसा तपशील आहे. घसा ४ इंचांचा केला, तर धुराडे साफ करणारा वर चढणार कसा? म्हणून नव्या विटांत एक लहानसे दार ठेवायचे आणि ते एरवी सैल दगडाने किंवा फरशीने बंद करायचे, अशी सूचना त्याने केली.

त्या दारातून वर जाणार होते एक मूल.

१३/
कोळशाच्या धुराड्याची नळी पुष्कळदा ९ इंच बाय १४ इंच असे. तिच्यातून कोपर-गुडघ्यांच्या आधाराने चढून काजळी खरवडायची. १७७५ मध्येच लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी संबंध दाखवला होता. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलाला या कामात उमेदवार म्हणून घेण्यास मनाई केली. ती कागदावरच राहिली. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्टने लांब दांड्याचा यांत्रिक कुंचा तयार केला. म्हणजे मुलाची गरजच उरली नव्हती. पण वाकड्या नळ्या सुधारून घेण्याचा खर्च घरमालकांना नको होता.

१८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यावर बंदी आली. तीही मोडली गेली. १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा आत अडकला आणि दगावला. त्यानंतर पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला आणि प्रथा मोडली. कुंचा आल्यानंतर बहात्तर वर्षांनी!

१४/
म्हणून मित्रहो, ऊब स्वस्त होण्याच्या या इतिहासाचे दोन धडे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला रम्फर्डचा : खर्च कमी करायचा असेल, तर इंधन किती जाळतो याआधी उष्णता कुठून निसटते ते पाहा. कडाक्याच्या थंडीच्या देशांत आजही फटी बुजवणे आणि भिंतींना उष्णतारोधक थर देणे यांपासूनच सुरुवात होते.

दुसरा धडा रम्फर्डच्या हिशेबात नव्हता. त्याने लाकूड मोजले, कोळसा मोजला, घशाचे इंच मोजले. त्या लहानशा दारातून जाणाऱ्या मुलाचा रकाना मात्र कोणत्याच घराच्या खर्चवहीत नव्हता. कुठलीही बचत वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे : ती कोणाच्या वहीतली बचत आहे, आणि जे वहीत आले नाही, ते कोणी भरले?

१५/
जाता जाता : जुन्या इंग्रजी घराचे चित्र पाहाल, तेव्हा शेकोटीच्या बाजूच्या भिंती नीट न्याहाळा. त्या आत तिरक्या होत गेलेल्या, उथळ आणि फिकट रंगाच्या दिसल्या, तर बहुधा तो रम्फर्ड असेल. मग नजर थोडी वर न्या. दार चित्रात दिसणार नाही. पण ते कुठे असते, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.