मातीच्या माथी खापर

महाड-पोलादपूरकडे एक मत इतकं रुळलेलं आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. मुलगा फुटबॉलमागे लागला की घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, "हा आपल्या मातीतला खेळ नव्हे. गोव्यात, बंगालात जन्मला असतास तर गोष्ट वेगळी. कबड्डी खेळ, निदान पोलिसात तरी लागशील." मुलगा मिडफिल्डला खेळत असेल तर वर पुरवणी: "गोल तरी करतोस का?"

पूर्वपक्ष दुबळा नाही. कबड्डीने रायगडात कितीतरी घरं सावरली आहेत आणि फुटबॉलने कुणाची चूल पेटवल्याचं इथं कुणी पाहिलेलं नाही. पण न दिसण्याचं कारण मातीत शोधायचं, हा तर्क मला मान्य नाही.

आधी मातीच पाहू. लाल माती ज्या गावाची ओळख, ते कोल्हापूर. तिथल्या फुटबॉल संघांची नावं ऐका: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि प्रत्येकापुढे 'तालीम'. कुस्तीच्या आखाड्यांभोवती उभ्या राहिलेल्या मंडळांनीच हा परका खेळ घरात घेतला. पेठापेठांची जुनी ईर्षा शाहू स्टेडियमवर उतरली. मातीच खेळ ठरवत असती तर त्या गावाने निव्वळ मल्ल दिले असते. त्याने अनिकेत जाधव दिला, जो 2017 साली दिल्लीत 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला; आणि निखिल कदम दिला, ज्याने मोहन बागानची जर्सी घातली.

आता गोवा घ्या. 2016 साली साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन गोमंतकीय क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. माती तीच होती, मुलंही तीच. बिनसलं होतं लीगच्या कारभाराशी.

पावसाचा मुद्दा तर विचारूच नका. आमच्याकडे जूनपासून आभाळ फाटतं हे खरं. 2021 च्या जुलैत महाडने महापुराचं जे पाणी पाहिलं त्यानंतर पावसाला हलक्यात घेण्याची माझी हिंमत नाही. पण कलकत्त्याची लीग पिढ्यानपिढ्या पावसातच खेळली जाते. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली ती 29 जुलै 1911 रोजी, ऐन पावसाळ्यात, आणि बहुतेक खेळाडू अनवाणी होते. अंगकाठीचंही तसंच. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच हा वेलेबिट डोंगराच्या पायथ्याचा पोर. लहानपणी शेळ्या राखल्या, युद्धात घर सुटलं, झादर शहरात निर्वासितांच्या हॉटेलाबाहेर गाड्या लावायच्या जागेत चेंडू मारला. हायदुक स्प्लिटने त्याला किरकोळ म्हणून नाकारलं. त्याच्या हाती 2018 साली बॅलन डी'ओर आला. कशेडी-आंबेनळीच्या उतारांवर गुरं राखणाऱ्या पोराला डोंगरावरून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग पोट? इथं पूर्वपक्ष अर्धा बरोबर आहे. पण तोही सगळं विसरून बोलतो. पोलादपूरचे चाकरमानी ज्या मुंबईत राबले, तिथं मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्रा यांचे फुटबॉल संघ होते. खेळातून नोकरी, हा आज कबड्डीचा म्हणून सांगितला जाणारा मार्ग तेव्हा कूपरेज मैदानावरूनही जात होता. पुढे दारं एकेक करून मिटत गेली. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी हे सगळे 2019 पर्यंत गेले. 2025 च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगच करारावाचून अडकून पडली. नोकरी देणारा कारखाना बंद पडला, म्हणून कामगाराच्या जातकुळीत खोट काढायची का?

आता 'गोल तरी करतोस का'. या प्रश्नात मला सगळा रोग दिसतो. फ्रान्सचा मिडफिल्डर क्लोद मॅकेलेले गोल करत नसे. तो चेंडू हिसकायचा आणि दोन पावलांवरच्या गड्याला द्यायचा. 2003 साली रेआल माद्रिदने त्याला चेल्सीला विकलं आणि मग लीग जिंकायला त्यांना 2007 उजाडलं. मधल्या फळीचा खेळाडू असताना दिसत नाही. गेल्यावर भोक दिसतं. कबड्डीतला कोपरारक्षक ज्यांना कळतो, त्यांना हे कळू नये याचंच मला नवल वाटतं.

खालिद जमील हाही मधल्या फळीचाच. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी. दुखापतींनी पोखरलेली कारकीर्द. 2009 पासून त्याने मुंबई एफसी सांभाळला, खालच्या विभागात घसरू दिला नाही. 2016 मध्ये तो तिथून बाहेर पडला. पुढच्याच मोसमात त्याने ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि मुंबई एफसी तळाला जाऊन संपला. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. मैदानाच्या मध्यावर उभं राहून जो खेळ वाचायला शिकतो त्याचा हिशेब पंचविशीतल्या गोलांवर मांडायचा?

हे वाचणं मात्र सामने खेळूनच येतं आणि आमची खरी उणीव तिथं आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. आठ संघ आले तर चार पहिल्याच सामन्यानंतर एसटीत बसतात. त्यातल्या मिडफिल्डरचं वर्ष चाळीस-पन्नास मिनिटांत संपतं. अशा स्पर्धेत लांब फटका मारणारा आणि गोलाजवळ टपून बसणारा तेवढा उठून दिसतो. मधल्याला चार चुका करून पाचव्यांदा सुधारायला सवडच नसते. तेच आठ संघ लीग खेळले तर प्रत्येकाला सात सामने, एकूण अठ्ठावीस. कोल्हापूरच्या पोरांना हे मिळतं. त्यांची माती निराळी नाही, वेळापत्रक निराळं आहे.

जागेची अडचण सांगू नका. भातकापणीनंतर खाचरं रिकामी असतात, धसकटं काढून त्यांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा जोरात होतात, भोंगे लावून. महाडच्या एसटी स्टँडवर चहा पिताना मी हा अठ्ठावीस सामन्यांचा हिशेब एका स्पर्धा-आयोजकापुढे मांडला. त्याने शांतपणे ऐकला. मग विचारलं, "ते ठीक आहे हो. पण अंतिम सामनाच नाही, तर पाहुण्याला बोलवायचं कधी?"