रॉकेलच्या पैशातले रस्ते

मराठीतला 'रॉकेल' हा शब्द रॉकफेलरच्या नावावरून आला, असं आमच्या घरातल्या अर्ध्या मंडळींना ठामपणे वाटतं. तसं नाहीये. 'रॉक ऑइल', म्हणजे दगडातून निघालेलं तेल, हे आपल्या तोंडी बसता बसता रॉकेल झालं. पण गंमत अशी की रॉकफेलर घराण्याची श्रीमंती उभी राहिली ती याच रॉकेलवर. आधी दिव्यातलं तेल, मग मोटारीतलं पेट्रोल. आणि त्याच घराण्यातल्या मुलाने आयुष्यातली सत्तावीस वर्षं आणि अमाप पैसा असे रस्ते बांधण्यात घालवला, ज्यांवर मोटारीला पाऊल टाकायची परवानगी नाही!

हे रस्ते आहेत अमेरिकेच्या पार ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट नावाच्या बेटावर. तिथलं अकेडिया नॅशनल पार्क म्हणजे समुद्रातून वर आलेले ग्रॅनाइटचे डोंगर, त्यांच्या मधली तळी आणि स्प्रूसचं जंगल. सगळ्यात उंच कॅडिलॅक माउंटन १५३० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे टेकडीच. पण पाय समुद्रात आणि डोकं ढगात असल्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. वाबानाकी लोक या बेटाला 'पेमेटिक' म्हणत, म्हणजे डोंगरांची रांग. १६०४ मध्ये सॅम्युएल द शाम्प्लें हा फ्रेंच दर्यावर्दी इथून गेला, त्याला डोंगरमाथे उघडेबोडके दिसले आणि त्याने 'ओसाड डोंगरांचं बेट' असं नाव ठेवून दिलं. तेच टिकलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फियाचे गर्भश्रीमंत उन्हाळा काढायला इथे येऊ लागले. इंग्रज साहेब महाबळेश्वरला जात, तसंच. फक्त इथे बंगल्यांना 'कॉटेज' म्हणायची पद्धत होती आणि त्या कॉटेजमध्ये पन्नास-पन्नास खोल्या असायच्या! त्यांच्यातल्याच काहींच्या लक्षात आलं की लाकूडतोडे आणि जमिनीचे दलाल असेच चालू राहिले, तर बेट उरणार नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट आणि जॉर्ज डॉर यांनी १९०१ मध्ये एक विश्वस्त मंडळ काढलं आणि जमीन मिळवायला सुरुवात केली. कुणी दान दिली, कुणी विकली. डॉर यांनी तर स्वतःची बरीचशी मालमत्ता यात घातली. ती सगळी जमीन त्यांनी सरकारला देऊ केली. १९१६ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९१९ मध्ये लाफायेत नॅशनल पार्क झालं. १९२९ मध्ये नाव बदलून अकेडिया केलं. एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे पार्क सरकारने लोकांकडून घेतलेलं नाही, लोकांनी सरकारला दिलेलं आहे.

या गोष्टीत जॉन रॉकफेलर ज्युनियर आले १९१० मध्ये. त्या वर्षी त्यांनी सील हार्बरला घर घेतलं. घोडे आणि बग्ग्या हा त्यांचा छंद. रस्ते कसे बांधायचे हे ते वडिलांकडूनच शिकले होते. थोरल्या रॉकफेलरला स्वतःच्या इस्टेटीवर वळणदार रस्ते आखायची हौस होती.

तोपर्यंत बेटावर मोटारींना बंदी होती. पण जग बदलत होतं. १९१३ मध्ये बार हार्बरने मोटारींना दार उघडलं आणि १९१५ पर्यंत सगळं बेट खुलं झालं. मोटारीच्या भोंग्याने घोडे बुजायचे, धुळीने बग्गीतली माणसं माखायची. त्याच १९१३ साली रॉकफेलर ज्युनियरनी स्वतःच्या जमिनीवर फक्त घोडे, बग्ग्या आणि पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते बांधायला काढले. ते काम १९४० पर्यंत चाललं. एकूण ५७ मैल, त्यांपैकी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर, आज पार्कात आहेत.

बांधणी बघण्यासारखी आहे. रुंदी सोळा फूट. खाली मोठे दगड, त्यावर मध्यम खडी, त्यावर बारीक, असे तीन थर. मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता, म्हणजे पाणी थांबत नाही. कडेला चर, जागोजागी दगडी मोऱ्या. दगड तिथल्याच डोंगराचा. दरीच्या बाजूला मोठाले ओबडधोबड ग्रॅनाइटचे तुकडे कठड्यासारखे ओळीने लावलेत, त्यांना गावकरी 'रॉकफेलरचे दात' म्हणतात. कडेला रानटी ब्लूबेरी लावली. रस्ता डोंगराला कापत जात नाही, त्याच्या अंगाने वळत वळत चढतो, कारण घोड्यांना उभा चढ नको. आणि घोड्याला जो चढ सोसतो तो सायकलवाल्यालाही सोसतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी कुणाच्याही मनात नसताना हे रस्ते सायकलसाठी अगदी मापात बसले.

सगळ्यात सुंदर आहेत ते पूल. रॉकफेलरनी मोटारींशी वैर धरलं नव्हतं. पार्कातल्या मोटाररस्त्यांनाही त्यांनी पैसे दिले. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोघांची वाट वेगळी हवी. म्हणून जिथे मोटाररस्ता आडवा येतो, तिथे दगडी कमानीचा पूल. खालून मोटार, वरून बग्गी, किंवा उलट. आज वाहतूक नियोजनवाले ज्याला मोठमोठी नावं देतात ते इथे एका हौशी माणसाने साध्या समजुतीने केलं होतं.

आता थोडं कडू. १९१४ च्या एप्रिलमध्ये, रस्त्यांचं काम नुकतंच मार्गी लागलेलं असताना, कोलोरॅडोतल्या लडलो इथे कोळसा खाणीतल्या संपकरी कामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. त्या खाणी ज्या कंपनीच्या होत्या, तिच्यावर ताबा रॉकफेलरांचा होता आणि ज्युनियरनी तोवर संपाच्या बाबतीत कंपनीच्या अधिकाऱ्यांचीच बाजू घेतली होती. पुढच्या वर्षी ते स्वतः कोलोरॅडोला गेले, कामगारांना भेटले, धोरण थोडं बदललं. पण मेलेली माणसं काही परत येत नाहीत. कमानींचे फोटो काढताना हे आठवावंच असा माझा आग्रह नाही, पण हा हिशेब माहीत असलेला बरा. पैसा तोच होता.

रस्त्यांनाही विरोध झालाच. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर पेपर, जे स्वतः उन्हाळ्यात इथेच राहायचे, त्यांनी तक्रार केली की या रस्त्यांमुळे जंगलाचं जंगलपण जाईल. काम थांबलं, वॉशिंग्टनला सुनावणी झाली आणि मग पुन्हा परवानगी मिळाली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आज आपण ज्या रस्त्यावर जाऊन 'काय निसर्ग आहे!' म्हणतो, तो रस्ता त्या काळच्या निसर्गप्रेमींना अतिक्रमण वाटत होता. आणि ते अगदीच चुकीचं बोलत होते असंही नाही.

नंतरचा इतिहास आहे तो निगराणीचा. १९४७ च्या ऑक्टोबरमधल्या वणव्यात बेटावरची सतरा हजार एकरांहून जास्त जमीन जळाली, त्यातली दहा हजारांवर पार्काची. श्रीमंतांच्या कॉटेजेसची अख्खी रांगच्या रांग राख झाली. जळलेल्या स्प्रूसच्या जागी बर्च आणि ॲस्पेन उगवले, म्हणूनच आज पानगळीत तिथे पिवळाधमक रंग दिसतो. १९६० मध्ये रॉकफेलर गेले आणि रस्त्यांचा वाली गेला. ते होते तोवर देखभाल त्यांच्याच पैशातून व्हायची. नंतर चर बुजले, झुडपं आत आली, वरची बारीक खडी पावसाने वाहून गेली. त्यातच १९८०च्या दशकात माउंटन बाइक आल्या आणि ज्या रस्त्यावर दिवसाला चार घोडे दिसायचे तिथे सायकलींची रीघ लागली. १९८६ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ अकेडिया' ही संस्था निघाली. १९९२ ते १९९५ या काळात सरकारी पैशातून रस्ते मूळ पद्धतीने पुन्हा बांधले गेले आणि कायमच्या देखभालीसाठी संस्थेने चाळीस लाख डॉलरचा निधी उभा केला. या सगळ्यात हा निधी मला पुलांइतकाच मोलाचा वाटतो. बांधायला दाता मिळतो हो, झाडायला मिळत नाही.

आम्ही तिघं ईगल लेकच्या भोवतीचा सहा मैलांचा फेरा मारायला गेलो होतो. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या मागे तोंडाने 'डावीकडे घे, डावीकडे घे' न म्हणता मी पहिल्यांदाच सायकल चालवली. अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "अहो, तुमचे खांदे खाली आलेत." मोटारींमध्ये सायकल चालवताना आपण खांदे किती आवळून धरतो, हे ते सुटल्यावरच कळतं. चौकाचौकात लाकडी खांबांवर आकडे आहेत, नकाशातला आकडा जुळवायचा की झालं. लेकीने ते काम आपल्याकडे घेतलं आणि आम्हा दोघांना दिवसभर हुकूम सोडले.

तुमच्या मनात एव्हाना माथेरान आलंच असेल. माझ्याही आलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला, १९०७ मध्ये पीरभॉयांची छोटी गाडी सुरू झाली आणि मोटार मात्र दस्तुरीच्या वर गेली नाही. २००३ मध्ये तर ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. पण फरक बघा. अकेडियातल्या त्या रस्त्यांवर कुणी राहत नाही. माथेरानला गाव आहे, शाळा आहे, आजारी माणसं आहेत. तिथल्या शांततेची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीने चुकवली. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माझ्या मते ते झालं तेच योग्य. मोटारबंदी ही चांगलीच गोष्ट, पण ती कुणाच्या जिवावर, हा प्रश्न अमेरिकेतल्या कोट्यधीशाला जेवढा विचारायचा तेवढाच आपल्यालाही.

आणि अकेडियालाही सगळं साधलंय असं नाही. २०२१ मध्ये तिथे पहिल्यांदाच चाळीस लाखांवर लोक आले, बहुतेक सगळे मोटारीने! मोटारविरहित रस्त्याच्या तोंडाशी पार्किंगसाठी मारामारी. कॅडिलॅकच्या माथ्यावर मोटार न्यायची तर आता हंगामात आधी वेळ राखून ठेवावी लागते.

असो. यंदा इकडे येणाऱ्या मंडळींसाठी दोन गोष्टी. उन्हाळ्यात बेटावर १९९९ पासून फुकट बस फिरते आहे, मोटार मुक्कामी ठेवा. आणि समोरून घोडा आला तर सायकलवरून उतरा. नियमानेही सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची असते, आणि तसंही रस्ता मुळात त्याचाच आहे.