पीठ सरकारी, चरबीही सरकारीच

मैदा, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि कोमट पाणी. कोणी त्यात दुधाची पावडरही घालतं. पीठ सैलसर मळून थोडा वेळ झाकून ठेवायचं. मग लिंबाएवढा गोळा घेऊन तो लाटण्याशिवाय, या तळहातावरून त्या तळहातावर आपटत थापायचा. मधोमध बोटाने भोक पाडलं की मधला भाग कच्चा राहत नाही. मग तो कढत चरबीत सोडायचा. फुगून तांबूस झालेला हा प्रकार आपल्या भटुऱ्याच्या कुळातला वाटतो. वर मध किंवा पिठीसाखर घातली तर गोड, आणि घेवडा, खिमा, चीज घातलं तर ‘नावाहो टाको’.

ही फ्राय ब्रेड. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या जत्रांमध्ये तिची टपरी नसेल असं होत नाही. साउथ डाकोटा राज्याने तर 2005मध्ये तिला राज्याचा अधिकृत ब्रेड ठरवलं. ‘पारंपरिक पदार्थ’ अशी तिची ओळख सर्रास करून दिली जाते. पण साहित्याची यादी पुन्हा वाचली, तर त्यातलं जवळपास काहीच या लोकांच्या शेतात पिकलेलं किंवा कळपातून आलेलं नाही.

नावाहो ही यांतलीच एक जमात; ते स्वतःला दिने म्हणवतात. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या लाल खडकांच्या मुलखात ते मका, घेवडा, भोपळा पिकवत आणि मेंढ्या राखत. कॅन्यन द शे या खोल घळीत त्यांच्या पीचच्या बागा होत्या. आता मेंढी आणि पीच ही दोन्ही स्पॅनिशांबरोबर आलेली, हे खरं. म्हणजे वस्तू बाहेरून आली, एवढ्यावर तक्रार नाही. आपल्याकडे मिरची आणि बटाटाही बाहेरचेच. मेंढी नावाहोंनी आपल्या मर्जीने घेतली, वाढवली, तिच्या लोकरीची घोंगडी विणून विकली. पिठाचं तसं झालं नाही.

1863मध्ये अमेरिकी सैन्यातल्या जनरल जेम्स कार्लटनने नावाहोंना त्यांच्या मुलखातून उठवायचं ठरवलं आणि किट कार्सनला पाठवलं. कार्सनने लढाया फारशा केल्याच नाहीत. उभा मका जाळायचा, साठवलेलं धान्य नासायचं, मेंढ्या हाकून न्यायच्या किंवा मारायच्या, एवढंच त्याने पद्धतशीर केलं. 1864च्या जानेवारीत, ऐन बर्फात, सैन्य कॅन्यन द शेमध्ये शिरलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅप्टन जॉन थॉम्प्सनची तुकडी परत आली आणि तिने पीचची हजारो झाडं तोडली. बहुतेक लोक तोवर शरण आले होते, तरीही तोडली. युद्धाची गरज म्हणून याचं समर्थन करता येत नाही. माणसं परत आली तर त्यांना खायला काही उरू नये, हा त्यामागचा हिशेब उघड आहे.

मग सुमारे साडेआठ हजार नावाहोंना साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर पायी चालवत पेकॉस नदीकाठच्या बोस्क रेडोंडो छावणीत नेलं गेलं. वाटेत मागे पडणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि दिवस भरलेल्या बायकांना सैनिकांनी गोळ्या घातल्याच्या कथा घराघरांत सांगितल्या जातात. नावाहो या जागेला ह्वेल्दी म्हणतात. तिथलं पाणी खारं आणि पोट बिघडवणारं. मका लावला की वर्षामागून वर्ष अळी पडे. जळणासाठी मैलोन् मैल जाऊन मेस्कीटची मुळं खणून आणावी लागत. चार वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसं दगावली.

सरकार शिधा देई: पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी. पीठ पुष्कळदा किडकं असे. गव्हाच्या पांढऱ्या पिठाचं काय करायचं हे पहिल्यांदा कुणालाच उमजेना. ते पाण्यात कालवून तसंच प्यायल्याने माणसं हगवणीने आजारी पडली, आणि कॉफीच्या बिया घेवड्यासारख्या शिजवून पाणी फेकून दिलं गेलं, असं जुन्या आठवणींत सांगतात.

शिधा मोजून मिळे, तिकिटावर. आधी पुठ्ठ्याची तिकिटं होती. त्यांच्या नकला होऊ लागल्या म्हणून अधिकाऱ्यांनी धातूचे बिल्ले काढले. तर धातुकाम शिकलेल्या नावाहोंनी तेही पाडले, आणि इतके हुबेहूब की खरे-खोटे कळेनात. शेवटी नक्कल करायला अवघड असे नक्षीदार बिल्ले मागवावे लागले. पुढे चांदीच्या दागिन्यांसाठी जगभर नाव झालेल्या या लोकांची सुरुवातीची कारागिरी अशी पोटासाठी राबली. मला या साऱ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो. उपाशी माणूस निमूटपणे रांगेत उभा राहतो, हे गृहीत धरणाऱ्याची ती चांगली जिरवली आहे.

फ्राय ब्रेड या छावणीतच जन्मली, असं नावाहो सांगतात. ते अक्षरशः तसंच असेल असं मानायची गरज नाही. न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश घरांत सोपापिया नावाची तळलेली पुरी होतीच. शिवाय शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लाकोटा आणि ओजिब्वे या जमातींकडेही थेट हाच पदार्थ आहे, आणि त्यांनी तो नावाहोंकडूनच शिकला असेल असं मानायचं कारण नाही. सगळीकडे पोतं एकच येत होतं: पांढरं पीठ, चरबी, मीठ, साखर. मुलूख गेला, शिकार गेली, हाती पोतं आलं. त्यातून एखादी बाई आणखी काय करणार?

लाकोटांच्या बाबतीत तर शिधा हे सरळ हत्यारच होतं. ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडल्यावर, 1876मध्ये, अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की डोंगर सोडून देईपर्यंत शिधा बंद. रानगव्यांचे कळप संपत आलेले. सही करा नाहीतर उपाशी मरा, असा तो व्यवहार. सर्वोच्च न्यायालयाने 1980मध्ये लाकोटांच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मंजूर केली, पण ते पैसे त्यांनी घेतलेले नाहीत. त्यांना डोंगर हवेत. 1893च्या कायद्याने मुलं निवासी शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापांचा शिधा रोखायची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. या शाळांत मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलल्यास मार मिळे.

नावाहो मात्र घरी परतू शकले. 1 जून 1868 रोजी करार झाला. त्यांना ओक्लाहोमाकडे हलवायचा सरकारचा विचार होता. बार्बोनसिटो या म्होरक्याने जनरल शर्मनसमोर ठाम नकार दिला. करारात पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या मिळाल्या, कळप पुन्हा वाढले. मग 1930च्या दशकात जमिनीची धूप होते, मोठ्या धरणात गाळ साचेल, असं म्हणत सरकारने मेंढ्या कमी करायची मोहीम काढली. कितीतरी जनावरं गोळ्या घालून ओढ्यांत टाकून दिली गेली. कळप निम्म्यावर आले की माणूस पुन्हा दुकानाच्या पिठावर येतो. याच दशकात शेतकऱ्यांचा न खपलेला माल सरकार विकत घेऊन गरिबांना वाटू लागलं आणि त्यातला वाटा मूलनिवासींच्या वस्त्यांवरही पोचला. 1977च्या कायद्याने खास मूलनिवासी वस्त्यांसाठी धान्यवाटपाची योजना केली: पीठ, तूपवजा चरबी, डब्यातलं मांस, पिवळं चीज.

अमेरिकेचा हा जादा माल आपल्याकडच्या पिकल्या केसांच्या वाचकांना ओळखीचा असेल. 1972च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची आठवण काढली की ते अजून तोंड वाकडं करतात. पण मिलो आली आणि गेली. आपली ज्वारी शेतात परत उगवली.

नावाहोंकडे मात्र ते पीठ राहिलं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यामागे हे पीठ-चरबीचं खाणंही आहे. 2005मध्ये सुझन शोन हार्जो या मूलनिवासी लेखिकेने फ्राय ब्रेड सोडा, असं खडसावून लिहिलं, तेव्हा खूप लोक दुखावले. मिनीयापोलिसमध्ये शॉन शर्मन या लाकोटा आचाऱ्याने 2021मध्ये ओवामनी हे रेस्टॉरंट काढलं. तिथे गव्हाचं पीठ, दूधदुभतं आणि ऊससाखर वापरत नाहीत, त्यामुळे फ्राय ब्रेडही नाही. दोघांचंही म्हणणं पटतं. तरी आजीने शिकवलेल्या घासाला विष म्हणायला जीभ रेटत नाही, हेही कळतं. उपासमारीच्या कारस्थानाचा दोष तळणारीच्या माथी मारण्यात काही अर्थ नाही.

नावाहो राष्ट्राने 2014मध्ये ताज्या भाज्या-फळांवरचा विक्रीकर काढला, आणि पुढच्या वर्षी चिप्स-सोड्यासारख्या खाण्यावर दोन टक्के जादा कर लावला. पण सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटरच्या त्या मुलखात किराण्याची मोठी दुकानं जेमतेम डझनभर आहेत. आणि शेती करायची तर पाणी कुठलं? साधारण तिनातल्या एका घरात नळ नाही. लोक पिकअपमध्ये टाक्या टाकून कित्येक मैल लांबून पाणी आणतात. 1868च्या करारात कुटुंबाला 160 एकरांपर्यंत जमीन, बी-बियाणं आणि अवजारं लिहिली होती. त्या कराराच्या आधारे सरकारने आपली पाण्याची गरज तपासावी आणि ती भागवायची योजना आखावी, असं म्हणत नावाहो न्यायालयात गेले. जून 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन हा करार सरकारवर घालत नाही.